काकांची माणसं दारातच उभी

लेखकाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच झोळी, दाढी आणि आभाळात हरवलेली नजर आली असणार. ती आधी पुसून टाका. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज दाढी करतात, हाफ पँटवर दळण आणायला जातात आणि खिडकीबाहेर बघतात ते फक्त पाण्याचा टँकर आला का म्हणून. तरी पैजेवर सांगतो, असा लेखक अख्ख्या बोरिवलीत दुसरा नाय. कारण त्यांचं एकही पात्र आजपर्यंत दाराबाहेर पडलेलं नाय!

सोसायटीच्या गणपतीतलं नाटक दरवर्षी काका लिहितात. त्यांचं म्हणणं एकच. "माणसाला एका वेळी दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या आतल्या आत भांडत असतात. ते भांडण लिहायचं. बाकी सगळा भरणा." त्यामुळे त्यांचा चोर कपाट उघडतो आणि तेवढ्यात त्याला स्वयंपाकघरातून आमटीचा वास येतो. झालं! दागिने न्यावेत की घरचे चार घास जेवावेत, यात गडी अर्धा तास तिथेच उभा. पुढच्या वर्षी पळून जाणारी मुलगी बॅग घेऊन दारापर्यंत आली आणि बाबांना सकाळची गोळी कोण देणार म्हणून बॅगेवरच बसली. खाली रिक्षात थांबलेला तिचा तो, म्हणजे मी. मला फक्त तोंडाने हॉर्न वाजवायचा होता. वाजवून वाजवून गाल सुजले, पण पोरगी काय उठली नाय. काका भाजीवाल्यालाही सोडत नाहीत. "आत्ता तुला काय हवंय रे?" "गिऱ्हाईक." "आणि त्याच्या उलट?" "तुम्ही निघायला हवं, काका." काका एवढे खूश झाले की गरज नसताना दुधी घेऊन आले.

मी कणकवलीचा. मामाकडे राहायला आलो तेव्हा माझ्याकडे भांडवल एकच, शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून खाल्लेला मार. काकांनी ओळख होताच पकडलं. "आवाज काढतोस म्हणे? मग एकाच माणसाचे दोन काढ." तालमीत ओरडायचे, "राग झकास काढलास, पण त्या रागाच्या पोटात माया कुठाय?" मी म्हणायचो, "काका, गणपतीचं नाटक आहे, पोट कोण बघतंय?" त्यावर ते चष्मा कपाळावर चढवून, दोनदा खाकरून मला "गाढवा" म्हणायचे. ते खाकरणं मी आरशासमोर घोटून घोटून पक्कं केलं होतं.

यंदा बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, फक्त काकांच्या घरच्या राहिल्या. "मी सही करत नाही," एवढंच ते सांगायचे, कारण विचारलं तर टँकर बघायला खिडकीशी. इकडे काकूंचे गुडघे पार गेलेले, बिल्डिंगला लिफ्ट नाय, कित्येक महिन्यांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. सेक्रेटरी तर तोंडावर म्हणाले, "म्हाताऱ्याने बायकोला कोंडून ठेवलंय." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

आणि नाटक काय लिहिलं? एक म्हातारा, समोर कागद, हातात पेन. तो मी. शेवटी म्हाताऱ्याने पेन धरून नुसतं बसायचं आणि पडदा पाडायचा. पण स्टेजवर गेल्यावर मला राहवलं नाय. चष्मा कपाळावर चढवला, दोनदा खाकरलो. पब्लिक लोळायला लागलं! मग मी काकांच्याच आवाजात म्हणालो, "हिच्या गुडघ्यांसाठी!" आणि ठोकली सही. शिट्ट्या, टाळ्या, सेक्रेटरींची मिठी. काकांनी आपले कागद गोळा केले आणि ते जिना चढायला लागले. वर गॅलरीत काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं.

सकाळीच वर बोलावणं आलं. मला वाटलं, काकू शिरा देणार.

"मेल्या, माझ्या गुडघ्यांचं नाव घ्यायला तुला कोणी सांगितलं? मला विचारलंस? सकाळी जिना बघितला की मला रडू येतं, वाटतं आजच सही करावी. संध्याकाळी या ओट्याशी उभी राहिले की वाटतं, हे पाडलं तर मी उभी कुठे राहू? पोरं इथे रांगली माझी. रोज ह्यांना दोन्ही सांगते आणि हे दोन्ही ऐकून घेतात. एकदाही म्हणाले नाहीत, की बाई, ठरव आता. लोकांत माझं नाव नको, तुम्हीच नाही म्हणा, असं मीच सांगितलंय त्यांना. माझ्या वाटच्या शिव्या खातायत ते. आणि तू चारचौघांत त्यांचाच आवाज काढून त्यांना खोटं पाडलंस?"

आतून काकांचा आवाज आला, "अगं, पोर आहे, जाऊ दे ना."

"तुम्ही गप्प बसा हो! मला ओरडू दे त्याला. खाली जाऊन ओरडता आलं असतं, तर वर कशाला बोलावलं असतं?"