पुंजण्याची टोपी आणि घेर

कार्तिक संपत आला होता आणि भलत्याच वेळी आभाळ भरून आलं होतं. एकोडीच्या आमच्या खळ्यात वर्षभराचं धान पुंजण्यात रचलेलं, मळणी व्हायची बाकी. पुंजणा म्हणजे धानाच्या भाऱ्यांची गोल रास, खाली भिंतीसारखी सरळ आणि वर टोपीसारखी निमुळती. त्यात पाणी शिरलं की धानाला कोंब फुटतात, मग खा वर्षभर कुबट भात! बाबा मोहाडीला आत्याकडे अडकले होते. घरी फक्त माय आणि दहावीतली मी.

घरात खताची रिकामी प्लास्टिकची पोती होती, चोवीस. ती उसवून, एकमेकांना शिवून पुंजणा झाकायचा, की जमतील तेवढे भारे उचलून घरात न्यायचे? दोन्ही करायला वेळ नव्हता. शिवत बसलो आणि पोती कमी पडली, तर सगळंच गेलं.

"तुह्या शाळेत हेच शिकवून राहिले न?" माय म्हणाली. "मंग सांग."

शिकवून राहिले होते खरं. वृत्तचितीवर शंकू ठेवलाय, पृष्ठफळ काढा. त्याच आठवड्यात चाचणीत माझं गणित चुकलं होतं, कारण शंकू चितीवर जिथे टेकतो ते वर्तुळही मी मोजलं होतं. गुरुजी म्हणाले होते, "जे दिसत नाही, त्याले रंग कायले लावतेस व?" वर्ग हसला होता. आता मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

बैलाच्या कासऱ्यानं घेर मोजला, अठरा हात. भिंत तीन हात. टोपीची उभी उंची चालत नाही, तिरकस लागते, म्हणून शिडीवर चढून काठापासून शेंड्यापर्यंत कासरा ताणला. चार हात. घेर गुणिले भिंत, चोपन्न. अर्धा घेर गुणिले तिरकस उंची, छत्तीस. टेकलेलं वर्तुळ नाही, तळ नाही. नव्वद चौरस हात. शिवण सोडून एक उसवलेलं पोतं चार चौरस हात झाकत होतं. म्हणजे तेवीस पोती, मी मायला ओरडून सांगितलं. एक उरत होतं!

शेजारच्या खळ्यात मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ, आपल्या पुंजण्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरत होते. त्यांनी ऐकलं आणि हसले. "पोट्टीच्या पाटीवर धान ठेवून राहिली काय तुही माय? चाळीस पोत्यांत बी नाही होत हे. अन् हा ढग काही बरसत नाही."

माय त्यांच्याशी बोलत नसे. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावर पदर, आणि सांगायचंच असलं तर माझ्या तोंडून. लग्न होऊन आल्यापासून एक शब्द नाही. तिनं पदर पुढे ओढला. "त्यायले सांग, आमी शिवतो."

टोपी वेगळी आणि भिंतीभोवतीचा घेर वेगळा असं शिवायचं ठरलं. दाभण बोटात घुसायचं, सुतळी संपत यायची, वर गडगडायचं. दर पोत्यामागे मी मनात पुन्हा गुणाकार करत होते, पाढा तर चुकला नसेल? अंधारून आलं तेव्हा आम्ही टोपी चढवली. बरोबर काठापर्यंत आली! मी शिडीवरच ओरडले.

घेर बांधायला घेणार, तोच वारा सुटला आणि पाऊस कोसळला. मोठेबाबांचं तणस भराभरा उडून गेलं. ते एकटेच शिडीवर, दोन्ही हातांनी भारे दाबून धरत होते. माय घेर हातात धरून तिकडे पाहत राहिली.

"आपले खालचेच भारे भिजतीन," ती म्हणाली. "त्याहिचं तं डोक्यातून शिरून राहिलं. आख्खा पुंजणा जाते."

मी घेराचं टोक घट्ट धरलं. "नाही देत! हिशेबातला आहे तो! हसले होते न ते?" मला असा संताप आला होता की रडूच फुटलं.

"सोड व!" मायनं हिसडा दिला आणि धावली. पदर खांद्यावर आला, तिला भान नव्हतं. शिडीखाली उभी राहून ती ओरडली, "धरा हे टोक! पाहता काय? वढा न!"

मोठेबाबांनी भाऱ्यावरचा एक हात सोडला. मग त्यांनी टोक धरलं. चोपन्न चौरस हातांचा घेर वाकडातिकडा दुमडून त्यांच्या टोपीला पुरला.

सकाळी आमच्या पुंजण्याचे खालचे भारे ओले गच्च होते. मी मायशी अबोला धरला होता. आम्ही मोठेबाबांच्या खळ्यात गेलो तेव्हा तिच्या डोक्यावर पुन्हा पदर आला होता. "त्यायले सांग," ती मला म्हणाली, "पोती काढा म्हणा, आत वाफ धरते."

मी तोंड उघडायच्या आधीच मोठेबाबा जमिनीकडे पाहत बोलले, पण मायशीच. "काढतो, बाई. अन् तुमचे भिजले भारे अर्धे माह्या खळ्यात आणून टाका. तेवढेच कोरडे इथून घेऊन जा."

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं," ती त्यांना म्हणाली.