मागच्या रांगेकडे चला

मला कोरियन येतं. शिरूर कासारच्या स्टँडवर हे मी एकदा शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं, तर तिनं माझ्याकडे न बघता माझ्या आईकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "बरी हाय. पुण्याला जाऊन परीक्षा दिलीय तिनं. पास झालीय." तेव्हापासून मी माझी ओळख स्वतः करून देत नाही. ते काम आई माझ्यापेक्षा चांगलं करते.

सकाळ-संध्याकाळ मी गावातल्या दूध संस्थेची सचिव असते. दूध मोजून घेणं, फॅट काढणं, आणि दुधात पाणी आहे असं ज्याला सांगावं लागतं त्याचा राग ऐकून घेणं, हे माझं काम. मधल्या वेळात मी फोनवरून कोरियन शिकवते. पुण्याकडच्या कोरियन कंपन्यांत नोकरी धरू बघणाऱ्या मुली असतात. मागून म्हैस ओरडली की त्यांना हसू येतं आणि मी त्यांना म्हशीला कोरियनमध्ये काय म्हणतात ते शिकवून टाकते.

याची सुरुवात छावणीत झाली. दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरींनी संक्रांतीच्या आधीच तळ दाखवला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावातल्या निम्म्या लोकांसारखे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. जनावरं जगवायला आमच्या संस्थेनं गायरानावर चारा छावणी उघडली होती. आमच्या दोन गाई आणि एक म्हैस घेऊन मी आणि आई तिथं राहायला गेलो. माझं कॉलेज बुडालं होतं आणि त्याचा मला भयंकर राग होता. दुपारी टँकर येऊन गेला की कुणाला काही काम नसे. जनावरं रवंथ करायची, बाया गोधडी शिवायच्या, आणि मी ताडपत्रीच्या सावलीत फोनवर कोरियन मालिका बघायचे.

पहिल्याच मालिकेत सुनेनं सासऱ्याला पेला दिला तो दोन्ही हातांनी. लेक बापाला हाक मारत होती, "आप्पा". मी फोन आईच्या कानाला लावला. आई म्हणाली, "आपलीच माणसं दिसत्यात." पुढं दिसलं की हिवाळ्याच्या तोंडावर गल्लीतल्या बाया जमून कोबी तिखटामिठात घालतात, आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडयांना जमतात तशा, आणि बोलतात ते सुद्धा तेच, जी आली नाही तिच्याबद्दल. मग कळलं की त्यांची अक्षरं एका राजानं मुद्दाम सोपी करून बनवली, साध्या माणसाला वाचता यावं म्हणून. हे मला फारच आवडलं. मी धुळीत काडीनं ती अक्षरं गिरवायला लागले. छावणी उठेपर्यंत मला वाचता येत होतं. दुष्काळानं आमच्या गावाचं लई नेलं, पण मला एक अख्खी भाषा दिली, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

मात्र कोरिया मी कधी पाहिला नव्हता. माझा पासपोर्ट परीक्षा पास झाल्याच्या आनंदात काढलेला, तो कोराच पडून होता. तर मागच्या वर्षी पुण्याच्या एका प्रवास कंपनीतून फोन आला. त्यांची मंडळी उत्तर कोरियाला जाणार होती. तिथं सरकारी वाटाडे असतातच, पण आपल्या बाजूनं भाषा समजणारं कुणीतरी विश्वासाचं हवं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं माझं नाव सांगितलं होतं. सगळा खर्च त्यांचा.

गावाला दोन कोरिया समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. एक दक्षिणेचा, मालिकावाला, जिथं माणसं सरकारला शिव्या देऊन संध्याकाळी घरी जेवायला येतात. एक उत्तरेचा, जिथं एकाच घराण्याचं राज्य, आणि त्याविरुद्ध बोललं तर माणूसच नव्हे, त्याचं अख्खं घर उचललं जातं. भाषा एकच. आमचे चेअरमन म्हणाले, "कोनता का असंना, कोरियाच हाय की. बॅनर लावू." त्यांनी बॅनरसाठी माझा फोटोसुद्धा मागून घेतला.

मला जायचं होतं. हे मी लपवणार नाही. जी भाषा मी शेणामातीत बसून शिकले, ती एकदा खऱ्या माणसाच्या तोंडून, तिच्याच मातीवर उभं राहून ऐकायची होती. दक्षिणेला स्वतःच्या जिवावर जाणं मला या जन्मात जमेल असं वाटत नव्हतं. मी मनाशी वाद घालत राहिले. बाहेरची माणसं गेली तर तिथल्या लोकांना बाहेरचं वारं लागतं, हे एक. आपण जाऊन आलो तर पैसा त्या राजवटीच्याच घरात जातो, हे दुसरं. राजवट वाईट म्हणून तिथल्या माणसांना कुणी भेटायचंच नाही का, हे तिसरं. फॅट काढता काढता माझं चुकायला लागलं. एका म्हातारबांनी विचारलं, "कावून गं, आज माझी गाय म्हशीगत दूध देतीया का?"

कंपनीतला माणूस सज्जन होता. त्यानं सूचना सांगितल्या. वाटाड्याला सोडून कुठं जायचं नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आणि फोनमधल्या दक्षिणेकडच्या मालिका काढून टाका, मॅडम, म्हणाला. तिथं त्या बघणाऱ्यांना फार कडक शिक्षा होते. माझं सगळं बोलणं त्या मालिकांमधूनच आलेलं. म्हणजे तिथं मला माझे उच्चारही जपून करावे लागणार होते. तरीही मी हो म्हणण्याच्या बेतात होते.

मग त्यानं दौऱ्याचा कागद पाठवला. मी तो संस्थेच्या ओट्यावर बसून वाचला. तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं : सहकारी शेतीला भेट. शेतकरी महिलेशी संवाद.

मी तो कागद पालथा ठेवला, कारण असा कागद मी स्वतः लिहिला होता.

छावणीच्या वर्षी दुष्काळाची पाहणी करायला वरून पथक येणार होतं. आठ दिवस आधीपासून चेअरमनची धावपळ. रस्त्याकडच्या पहिल्या रांगेत बरी जनावरं आणून बांधली, त्यांच्यापुढं हिरवा ऊस टाकला. मागं बाभळीच्या पलीकडं दोन रांगा होत्या. तिथं बरगड्या मोजता येतील अशी जनावरं आणि त्यांच्यापुढं वाळलेलं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे. आमची म्हैस पहिल्या रांगेत आणि गाई मागं. कोणती गाडी कुठं थांबणार, साहेब कुठं उतरणार, चहा कुठं, हे सगळं ठरलेलं. माझं अक्षर चांगलं म्हणून कार्यक्रमाचा कागद मी लिहिला. त्यात एक ओळ होती : पशुपालक महिलेशी संवाद. ती महिला म्हणजे माझी आई, कारण ती बोलायला घाबरत नाही. आणि ती काय बोलणार तेही मीच लिहिलं होतं. "चारा-पाणी वेळेवर मिळतं, आमची काही तक्रार नाही." आईला वाचता येत नव्हतं, म्हणून दोन दिवस मी तिच्याकडून ते पाठ करून घेतलं. चेअरमननं शाबासकी दिली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की लाज वाटते.

साहेब आले. आईनं वाक्य म्हटलं, एकही शब्द न चुकता. साहेबांनी मान हलवली आणि वळले. तेवढ्यात आई म्हणाली, "साहेब, हे पाठ केलेलं झालं. आता मागच्या रांगेकडं चला. तिथं बी आमचीच जनावरं हायत."

चेअरमनच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. साहेब थांबले, आणि खरंच मागं गेले. बाभळीच्या पलीकडं ते बराच वेळ उभे होते. त्यांचे चकचकीत बूट शेणात गेले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. पुढच्या आठवड्यापासून चारा मागच्या रांगेपासून वाटायला सुरुवात झाली. चेअरमन आठ दिवस आईशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी आमच्याकडे चहाला आले. पुढच्या निवडणुकीत त्यांनी आपणहून आईला संचालक केलं, बाहेर राहून बोलण्यापेक्षा ही बाई आत बसून बोललेली बरी, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. आई आत बसूनही तेवढंच बोलते. सही करता यावी म्हणून ती माझ्याकडून अक्षरं शिकली, आणि तिची ती वाकडी सही संस्थेच्या प्रत्येक ठरावाखाली आहे.

तो कागद घेऊन मी तिच्याकडे गेले. ती गोठ्यात धार काढत होती. मी तिसऱ्या दिवसाची ओळ वाचून दाखवली.

"म्हंजे तिथं बी पहिली रांग हाय," ती म्हणाली.

"असणारच. आणि त्या बाईचं बोलणं मी आपल्या लोकांना सांगायचं. पण ती तुझ्यासारखी पुढचं काही बोलली तर?"

आईचे हात थांबले नाहीत. चरवीत धारेचा आवाज येत राहिला. मला वाटलं ती म्हणेल, बोलू दे की, बाई माणूस असून बोलली तर चांगलंच. पण ती म्हणाली, "मी बोलले तवा मला ठाऊक होतं, चेअरमन करून करून काय करील. आठ दिवस बोलायचा न्हाई. त्या बाईला तुमी गेल्यावर आपलं काय होईल ते ठाऊक असंल. तू इमानात बसून येशील निघून."

ती मला जाऊ नको म्हणाली नाही. कधीच म्हणत नाही. चरवी माझ्या हातात देऊन ती वासराला सोडायला गेली.

मी संध्याकाळी कंपनीला नकार कळवला. त्या माणसानं कारण विचारलं. मी म्हटलं, माझ्यापुढं पाठ केलेलं वाक्य म्हणायची वेळ कुणावर येऊ नये असं वाटतं. तो म्हणाला, मंडळी तर जाणारच आहेत. मी म्हटलं, जाऊ देत. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांना पहिली रांग खरी वाटू शकते. मी ती स्वतः बांधताना पाहिलीय. त्या रात्री मी रडले, हेही खरं. पासपोर्ट पुन्हा कोराच्या कोरा ट्रंकेत गेला.

सकाळी दूध घालायला रांग लागली होती. चेअरमन खुर्ची टाकून बसले होते, बॅनर वाया गेला म्हणून जरा नाराज. आईनं आपलं दूध मापात ओतलं आणि मला विचारलं, "मागच्या रांगेकडं चला, हे त्यांच्या भाषेत कसं म्हनायचं?"

मी सांगितलं. तिनं दोनदा पुटपुटलं, तिसऱ्यांदा सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. उच्चार इतके चांगले की माझ्या विद्यार्थिनींना ऐकवावेत. लोक बघायला लागले.

"काय म्हनताय, वैनी?" चेअरमननी विचारलं.

आईनं त्यांच्याकडे बघून मराठीत सांगितलं.

"आजून तेच का?" ते कपाळाला हात लावून म्हणाले. "इतकी वर्षं झाली की."

"इथं बोलता येतंय, म्हनून बोलते," आई म्हणाली, आणि रिकामी चरवी घेऊन घरी गेली.