टर्पिनसाहेबांचा नववा गडी

लुडविग रिमेल पिंपं बनवायचा, आणि १८८४च्या उन्हाळ्यात पगारी बेसबॉलही खेळायचा. फलंदाजाच्या मागे ओणवं राहून उघड्या हातांनी चेंडू अडवायचा. आमच्या केलर्सबर्गचा तो संघ काढला होता सायलस टर्पिनने. टर्पिनचा धंदा शवपेट्यांचा. घरात कुणी गेल्याशिवाय लोक त्याच्या दारात येत नसत. चारचौघांनी आनंदाने नाव घ्यावं, एवढीच त्याची हौस.

हौस दहा आठवडे टिकली. संघ हरत गेला, प्रेक्षक आटले. तेवढ्यात ओहायोतल्या एका बड्या संघाचं लुडविगला पत्र आलं: सोमवारपर्यंत मोकळा होऊन ये. पण टर्पिन करारातून सोडेना. न सांगता गेलं, तर नाव काळ्या यादीत. मग कुठलाच संघ उभा करत नसे. काही गडी खोट्या नावांनी पश्चिमेकडे पसार झालेच. लुडविगनेही तसं मनात आणलं, तेव्हा त्याची बायको केट म्हणाली, "त्या नावाने कुणी हाक मारली तर वळशील तरी का तू?"

एकच फट होती. सामन्याला नऊ गडी उभे राहिले नाहीत, तर संघ बाद आणि सगळे मोकळे. शनिवारी मैदानावर आठच निघाले. पंचाने दोनदा मोजले. लुडविगची ट्रंक घरी भरून तयार होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

टर्पिनने कोट काढला. तिथल्या तिथे स्वतःशीच करार लिहिला, मालक म्हणून सही केली, नोकर म्हणून केली, आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

लुडविगने चार डाव कळ काढली. पाचव्यात डावखुरा धिप्पाड फलंदाज आला, तेव्हा त्याने गोलंदाजाला खूण केली: हळू टाक, अंगाजवळ, म्हणजे फटका उजवीकडे टर्पिनवर जाईल. चेंडू सणसणत उजवीकडे गेला आणि टर्पिनच्या छातीवर बसला. टर्पिन मटकन खाली बसला. बदली गडी नव्हताच. तो उठला नाही, तर संपलं.

लुडविग धावत पोचला. "फार लागलं का, मिस्टर टर्पिन?"

इतक्या आशेने कुणी कुणाची विचारपूस केलेली आम्ही पाहिली नाही.

टर्पिन चेंडू कवटाळून उठला. चेहरा नुसता फुलला होता. "लुडविग, भलता मजेचा खेळ आहे रे हा! पुढच्या वर्षीही संघ काढतो. राखीव यादीत पहिलं नाव तुझं."

राखीव म्हणजे पुढचं वर्षही बांधलेलं. ओहायोवाल्यांनी मंगळवारी दुसरा माणूस घेतला.

टर्पिनची हौस फिटली ती एप्रिलमध्ये, सगळ्या संघांच्या जागा भरल्यावर. सुटकेचं पत्र द्यायला तो स्वतः पिंपांच्या कारखान्यात आला. लुडविगने पत्र वाचलं, घडी घातली, आणि रीतसर आभार मानले.