वेंडाची लोखंडी घोडी

माझा नवरा वेंडेलीन जगातल्या बहुतेक सगळ्यांवर चिडलेला असतो. मी फक्त त्याच्यावर चिडते, त्यामुळे माझा राग जास्त मुरलेला आहे.

त्याच्या रागाला कारण आहे, नाही असं नाही. आमच्या गावची बिअरभट्टी सहा वर्षांपूर्वी एका बड्या कंपनीने विकत घेतली आणि वर्षाच्या आत तिला कुलूप ठोकलं. भट्टीचं नाव आणि बाटलीवरचा बोकड तेवढा त्यांनी ठेवला. आतलं पाणी आता दोनशे किलोमीटरवरच्या कुठल्याशा कारखान्यात बनतं. वेंडा त्या भट्टीत बेचाळीस वर्षं वेल्डर होता. गावच्या पबात गेला की तो बोकडाची बिअर घेत नाही. चहा मागवतो आणि पिणाऱ्यांकडे असा बघतो, की त्यांचा घोट घशात अडकतो. एकदा पबवाल्याने गमतीने त्याच्या चहावर बिअरचा फेस घातला. वेंडाने तो कप तसाच नेऊन बाहेरच्या कुंडीत ओतला आणि चार महिने तिकडे फिरकला नाही. सासूबाई सांगायच्या, हा पाच वर्षांचा असताना गुडघा फुटला म्हणून रडला नाही, दगडाला लाथा घालत बसला. मी लग्नाआधी हे ऐकलं होतं. तरी केलं.

आमच्याकडे ऑगस्टची जत्रा गावचे आगीचे बंबवाले भरवतात. जानेवारीत त्यांच्या सभेत वेंडा उभा राहिला. एक मीटर ब्याण्णव उंची, दिव्याला डोकं लागेल असा. म्हणाला, "यंदा त्या लबाडांची बिअर जत्रेत नको. आपली जुनी बिअर मी आणतो. घरी करून."

टाळ्या पडल्या. बंबवाल्यांचा प्रमुख सिक्स्टा याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागच्या टेबलावर बटाट्याच्या सॅलडच्या ताटल्या मांडत होते. त्याच भट्टीच्या रांधणघरात मी सत्तावीस वर्षं काढली. वेंडा नळ जोडायचा आणि त्या नळांतून जाणारी बिअर मी शिजवायची. कागदावर मुख्य ब्रूमास्टरचं नाव असे, पण पहाटे साडेचारला मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, पातेल्यापाशी कोण असायचं, ते त्या सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. माझ्या नवऱ्याने तर नाहीच, आणि त्याला तर उभ्या आयुष्यात एक अंडं धड उकडता आलेलं नाही.

मी ताटल्या मांडत राहिले. म्हटलं, विचारेल. बिअर करायची म्हटल्यावर कधीतरी विचारावंच लागेल.

एप्रिलमध्ये मी टोमॅटोची रोपं घेऊन बागेत गेले, तर माझ्या काचघराच्या काचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या आणि सांगाडा गायब.

"वेंडा, माझं काचघर कुठंय?"

"शेडमध्ये."

"शेडमध्ये मावलं कसं?"

"उभं केलंय," तो म्हणाला.

शेडमध्ये जाऊन पाहिलं. माझ्या काचघराची तीन मजली घोडी झाली होती. वरच्या मजल्यावर गरम पाण्याचं पातेलं, मधल्यावर मॉल्टचं, खालच्यावर उकळण्याचं, आणि प्रत्येकाखाली गॅसची शेगडी. वरचा नळ सोडला की पाणी आपोआप मध्ये, मधला सोडला की आपोआप खाली. नकाशा त्याने कॉम्प्युटरवरून काढला होता, कुणा अमेरिकन माणसाचा. वेल्डिंग मात्र असं, की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. हे मी रागातही सांगते.

"पंप नको, कुणाची मदत नको," तो घोडीवर थाप मारून म्हणाला. "सगळं आपलं आपण खाली येतं."

मला तिथेच हसू फुटत होतं. आमच्या बिअरचा एक उपद्व्याप असतो. मॉल्टचा लगदा तापत आला की त्यातला तिसरा हिस्सा उपसून वेगळा उकळायचा आणि उकळता उकळता मूळ पातेल्यात परत घालायचा. असं दोनदा. रंग त्याने येतो, भाजक्या पावाच्या कडेची चव त्याने येते. म्हणजे खाली नेलेलं पुन्हा वर चढवायला लागतं. भट्टीत ते काम पंप करायचा. त्या पंपाचे नळ वेंडाने शंभरदा जोडले असतील, पण वेल्डरला बोलावतात ते पंप बंद पडल्यावर. तो चालू असताना काय करतो, ते पाहायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. बेचाळीस वर्षं त्याने थंड भट्टी पाहिली.

हे मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्याने विचारायला हवं होतं.

एक मेला सुट्टी होती. सिक्स्टा सकाळी नवा एप्रन बांधून आला आणि दोघे शेडमध्ये शिरले. मी समोरच स्वयंपाकघराच्या खिडकीत क्नेडलीकचं, म्हणजे आमच्या उकडलेल्या गोळ्यांचं, पीठ मळत होते. अकराच्या सुमाराला आवाज चढले.

"आता हे वर कसं न्यायचं?" सिक्स्टा विचारत होता.

"डावाने ने."

"मधलं पातेलं माझ्या नाकाशी येतंय, वेंडा. उकळता लगदा आहे हा, सूप नाही."

"मग शिडी आण."

शिडी आणली. सिक्स्टा शिडीवर, वेंडा खालून डाव देतोय, निम्मा लगदा जमिनीवर, उरलेला वर पोचेपर्यंत कोमट. थर्मामीटर त्रेसष्टपर्यंत चढायला हवं होतं, ते पंचावन्नवर बसून राहिलं. वेंडाने डाव भिंतीवर फेकला. मग अमेरिकेला शिव्या घातल्या, मग कंपनीला, मग सिक्स्टाला.

सिक्स्टा गरीब माणूस. मनगटाला थंड पाणी लावत म्हणाला, "अरे, ब्लाझेनाला हाक मार ना. जन्म गेला तिचा यात."

मी हात पुसले. खरंच पुसले, एप्रनची गाठही सोडली.

वेंडा म्हणाला, "तिला काय विचारायचं? ती नुसते व्हॉल्व्ह फिरवायची."

मी एप्रन पुन्हा बांधला. त्या दिवशीचे क्नेडलीक दगडासारखे झाले आणि दोघांनी ते मुकाट्याने खाल्ले.

ते व्हॉल्व्ह. माझी उंची एक मीटर चोपन्न. रांधणघरातला चौथरा आणि त्यावरचे व्हॉल्व्ह पुरुषाच्या छातीला येतील असे बसवलेले होते, म्हणून मी सत्तावीस वर्षं बिअरच्या उपड्या क्रेटवर उभी राहून काम केलं. ओल्या फरशीवर क्रेट घसरायचं. दोनदा पडले, एकदा मनगट मोडलं. मधे एकदा चौथरा नव्याने करायचं ठरलं आणि माप घ्यायला वर्कशॉपमधून वेंडाच आला. आमच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. मी समोर क्रेटवर उभी होते. त्याने टेप काढली, स्वतःच्या छातीला लावली, आकडा लिहून घेतला आणि मला म्हणाला, "संध्याकाळी अंडी आण." मी आणली. इतकी वर्षं मी हे मनात दाबून ठेवलं आणि लोक मला शांत स्वभावाची म्हणतात.

आमची बिअर तळघरात दहा आठवडे थंड पडून राहायला लागते. जत्रेला हवी, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात चढवायलाच हवी. ती वेळ जवळ येत होती आणि वेंडा रोज शेडमध्ये जाऊन घोडीसमोर बसून परत येत होता. गावात तो मान खाली घालून फिरू लागला. तो हरला असता, तर जत्रेत कंपनीचा ट्रक उभा राहिला असता आणि आमच्या बोकडाखाली ते पाणी गावाने प्यायलं असतं. ते मलाही नको होतं. पण त्याच्या नावावर, पुन्हा एकदा क्रेटवर चढून, मी ती बिअर शिजवणार नव्हते.

मेच्या शेवटच्या शनिवारी तो लाकडं आणायला जंगलात गेला. मी त्याचा वेल्डिंगचा चष्मा लावला, त्याचे हातमोजे घातले आणि लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला. घोडी मधोमध कापली. ठिणग्यांनी बाही जळली, तरी थांबले नाही. वरचा भाग उतरवून खालच्याच्या शेजारी ठेवला, म्हणजे दोन पातेली बाजूबाजूला येतील आणि लगदा नुसता इकडून तिकडे घालता येईल. कापणं सरळ आलं नाही. मी कापून ठेवलेला भाग डगमगत होता.

तो दुपारी आला. दारातच थिजला.

"कुणी केलं हे?"

"मी."

"तुला वेड लागलंय? दोन महिने खपलो मी याच्यावर."

"माझं काचघर होतं ते."

"हे काय कापणं झालं? बघ, बघ कसं हलतंय." त्याने लाथ मारली, भाग कलंडला. "वेल्डिंगमधलं काय कळतं तुला?"

"काही नाही कळत. तुला बिअरमधलं काय कळतं?"

"मी बेचाळीस वर्षं..."

"तू बेचाळीस वर्षं नळ जोडलेस. मी सत्तावीस वर्षं क्रेटवर उभी राहून बिअर केली, आणि क्रेटवर का, तर चौथऱ्याचं माप तू तुझ्या छातीचं घेतलंस. मी समोर होते, वेंडा. माझ्याकडे बघून अंडी आणायला सांगितलीस. माझं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरला म्हणालास, बायको धांदरट आहे. आणि आता सिक्स्टाला सांगतोस, ही नुसते व्हॉल्व्ह फिरवायची. कर तूच तुझी बिअर."

माझा आवाज शेजारपर्यंत गेला असणार. जाऊ दे गेला तर. कोपऱ्यात बाटल्यांचं जुनं क्रेट होतं, भट्टीतून आणलेलं. वेंडाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने ते पायाने लांब सारलं, इतक्या जोरात की ते भिंतीवर आपटून फुटलं. हा राग कुणावर होता, ते मला पहिल्यांदाच कळेना.

त्याने खिशातून टेप काढली.

"पातेल्याची कड कुठे यायला हवी?"

"कोपराला."

"कुणाच्या?"

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला, गुडघे मोडून, कुरकुरत, आणि टेपचं टोक माझ्या बुटापाशी धरलं. मग कोपरापर्यंत नेलं. आकडा वाचला आणि पुन्हा एकदा मोजलं, कारण त्याचा विश्वास बसला नाही.

"सरळ उभी राहा," तो खेकसला.

"सरळच आहे मी," मी म्हटलं. "एवढीच आहे."

त्याने आकडा लिहून घेतला.