माफीचं पार्सल

देशातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे काय चेष्टा आहे? नोटेवर त्याचं चित्र, शाळेच्या प्रार्थनेत त्याचं नाव, निम्म्या नद्या त्याच्याच बर्फातून निघतात, आणि आजारी माणसं त्याच्याकडे तोंड करून हात जोडतात. तिथून भाविक पर्यटक काय नेतात? दगड. मग घरी कुणाचा पाय मोडला, कुणाची नोकरी गेली, की साक्षात्कार होतो: दगड भोवला! लगेच पार्सल. ‘कृपया शिखरावर परत ठेवावा.’

ठेवणार कोण? तर पायथ्याचे पोस्टमास्तर. त्यांचे गुडघे असे, की कचेरीच्या पायऱ्या चढतानाच देव आठवायचा.

“न्यायला स्वतः आले, माफी मात्र पोस्टाने!” पार्सल फोडता फोडता ते अख्ख्या रांगेला ऐकवत. “एवढी लाज वाटते तर या की स्वतः!”

दगड पिशवीतून घरी जात. स्वयंपाकघरामागे डोंगराची माती घसरायची, तिथे बायकोने त्यांची भिंत रचली होती.

“अगं, पाप लागेल.”

“लागू दे. डोंगराचेच दगड, डोंगरावरच आहेत. तुम्ही आधी पोरीला दोन ओळी लिहा.”

इथे मात्र मास्तर रिकामी पिशवी झटकायला लागायचे. मुलीला न विचारता लग्न ठरवलं यांनी, ती नाही म्हणाली तेव्हा “पुन्हा तोंड दाखवू नकोस” म्हणाले तेही हेच. ती शहरात निघून गेली, जाताना रागाने आईचा लसूण ठेचायचा दगड तेवढा उचलला. तेव्हापासून मास्तर रोज टपालात आधी तिचं अक्षर शोधत. दिसलं नाही की जीव तुटायचा, आणि तो राग रांगेवर निघायचा.

त्या सकाळीही तोंडाचा पट्टा चालूच होता. “या की स्वतः!” म्हणेपर्यंत खिडकीतून एक दगड आत सरकला. गोल, एका बाजूने झिजलेला.

“पार्सल कुठंय?” मास्तर मान वर न करता वसकन ओरडले. मग दगडाला लसणाचा वास आला.

“स्वतः या म्हणालात ना? आलेय.”

मास्तरांना बोलायचं होतं बरंच, पण तोंडून निघालं ते सवयीचंच.

“पाठवणाऱ्याचा पत्ता?”

“घरचाच लिहा, बाबा.”

पेन कागदावर टेकलं, पण पत्ता काही पुढे सरकेना. माफी खरं तर यांनी मागायची होती. यांनी तर ती पोस्टानेसुद्धा पाठवली नव्हती.