ठिपकीचं दुखणं

टेलरमास्तरांना माप घ्यायला टेप लागत नसे, असं निदान टेलरमास्तर स्वतः सांगत. गिऱ्हाईक पायरी चढून येईपर्यंत खांदा, छाती, बाही सगळं त्यांनी नजरेनंच मोजलेलं असे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधे स्वयंपाकघर आणि मागे परसात तीन कोंबड्या. त्यातली ठिपकी एका मंगळवारी सकाळी खुराड्याबाहेर आली, दाण्याकडे पाहून तिने तोंड फिरवलं आणि पिसं फुगवून भिंतीशी बसून राहिली.

मास्तरांनी कमरेवर हात ठेवून तिला लांबूनच न्याहाळलं. "ऊन लागलंय," त्यांनी निकाल दिला. दोन दिवस आभाळ भरलेलं आहे, हे बायकोने लक्षात आणून दिल्यावर निकाल बदलला: नवा दाणा बाधला. पण तोच दाणा खाऊन बाकीच्या दोघी मजेत माती उकरत होत्या. मग संशय शेजारच्या मांजरावर गेला; कोंबडीने धसका घेतला असणार. दुपारपर्यंत मास्तरांनी पाण्याचं भांडं तीनदा बदललं, खुराड्याचं तोंड फिरवलं आणि त्या गडबडीत एका सदऱ्याचा खिसा आतल्या बाजूने शिवला.

"अहो, तिला हात तरी लावून बघा," बायको म्हणाली.

"चाळीस वर्षं माणसं बघतोय. मला नजरेत कळतं."

"ती माणूस नाही."

शेवटी बायकोनेच ठिपकीला उचललं. गळ्याखालची पिशवी चेंडूएवढी फुगली होती आणि चोचीला आंबूस वास येत होता. दोघांनी तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पिशवी चाचपली आणि विचारलं, "आज काही खाल्लंय?"

"एक दाणा नाही."

"मग सकाळीच ही रिकामी हवी होती. आत काहीतरी अडकलंय. सुतळी, प्लास्टिक, असं काही पडतं का तुमच्याकडे?"

"छे. आमच्याकडे दोऱ्याचा तुकडासुद्धा कचऱ्याच्या पिशवीत जातो," मास्तर म्हणाले. बोलता बोलताच त्यांना गेला गुरुवार आठवला, आणि ते छताचा पंखा बघू लागले.

डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून छोटा छेद घेतला. आधी फुगलेले दाणे निघाले. मग चिमट्यात जांभळा दोरा आला. तो ओढला तर त्याच्यामागे दुसरा, आणि त्याच्यामागे अख्खा गुंता.

बायको वाकली. "हा त्या बँकेतल्या बाईंच्या कोटाचा. एका कोटाला इतका दोरा लागतो?"

"उसवावा लागला."

"कितीदा?"

मास्तरांनी आशेने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या मन लावून गुंता काढत होत्या.

"तीनदा. बाही आखूड होत होती." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला वाटलं, कचऱ्यात तुला दिसेल. म्हणून कुंपणाशी टाकला."

म्हणजे ऊन नाही, दाणा नाही, मांजर तर अगदीच निर्दोष. ठिपकीच्या गळ्यात मास्तरांची नजर अडकली होती.

डॉक्टरीणबाई टाके घालू लागल्या तेव्हा मास्तरांना राहवलं नाही. "टाका जरा जवळ घ्या, ताई."

"तुम्ही घालता का, काका?"

बायकोने तोंडाला पदर लावला. टाके मात्र एकसारखे पडले होते, आणि हे मनातल्या मनात कबूल करणं मास्तरांना फार जड गेलं.

नऊ दिवस ठिपकी दुकानात शिलाई मशीनशेजारच्या खोक्यात राहिली. दिवसातून चारदा तिला मऊ शिजवलेला दाणा थोडा थोडा द्यायचा होता. ते काम मास्तरांनी कुणाकडे सोपवलं नाही. गिऱ्हाइकं विचारत, हिला काय झालं? पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "अधाशी आहे हो." आतून बायकोचा खोकला ऐकू आला. तिसऱ्या दिवसापासून ते आपणहून सगळं सांगू लागले, खिशासकट, कारण बायकोने सांगितलं असतं तर तिच्या गोष्टीत बाही चौथ्यांदाही उसवली असती.

दहाव्या दिवशी ठिपकीला परसात सोडायचं ठरलं. त्याआधी मास्तर चष्मा लावून, ओणवे होऊन कुंपणापर्यंतची जमीन वीतवीत तपासत गेले. काहीतरी खायला मिळतंय अशा समजुतीने बाकीच्या दोन कोंबड्या त्यांच्या मागे मागे चालत होत्या.