आमच्या न्हाणीमागचा कोळी

शेजारी कॉलेजात शिकवणारा असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, मधल्या दगडी गडग्यावरून ते आपोआप आपल्या अंगणात येतात. आमच्या इब्रामपूर गावच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, माझं आणि प्रदीपचं घर गडग्याला गडगा लागून आहे. मी इंदू, सातवी शिकलेली बाई. तो म्हापशाला कॉलेजात किड्यामुंग्यांचं शिकवायचा. गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट.

एका सकाळी पाववाल्या पोदेराची वाट बघत आम्ही बायका रस्त्यावर उभ्या होतो. पलीकडची रुक्मिणी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "प्रदीपच्या त्या कोळ्याचं इंग्रजीत छापून येणार आहे. आणि त्यात म्हणे आपल्या वाड्यावरच्या एका बाईचं नाव..." तेवढ्यात पोदेर भोंपू वाजवत आला. रुक्मिणीनं उंडे पाव घेतले आणि बस पकडायला धावली. पुढचं राहिलं ते राहिलंच! संध्याकाळी विचारलं तर म्हणते, "सुजातानं कोणाला सांगू नको म्हटलंय." सुजाता म्हणजे प्रदीपची बायको.

पण त्याआधी दुपारपर्यंतच वाड्यावर पक्कं झालं की नव्या कोळ्याला एका बाईचं नाव देणार. कोणत्या, तेवढंच ठरायचं होतं. त्या आठवड्यात प्रदीपच्या घरी इतक्या पातोळ्या पोचल्या की सुजाता शेवटी म्हशीला घालायला लागली. मी नाही दिल्या. मी फणसाची सांदणं दिली.

माझा हक्क तसा मोठा होता. तो कोळी सापडला मुळी माझ्या न्हाणीच्या मागच्या भिंतीवर. एका रविवारी मी पाणी तापवत होते आणि हा गडग्यापलीकडून ओरडला, "काकी, हलू नकात!" मला वाटलं साप. मी चुलीपुढे तशीच दगड होऊन बसले. तो गडगा ओलांडून आला आणि भिंतीवरून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी बाटलीत घेतलं. काळं, पाठीवर पांढरी रेघ. म्हणाला, हा जाळं विणत नाही, उडी मारून भक्ष्य पकडतो.

"जाळं विणत नाही तर मग कोळी कसला?" मी म्हटलं. त्यावर त्यानं मला अर्धा तास समजावलं. न्हाणीतलं पाणी उकळून आटलं.

कोळी स्पिरिटमध्ये ठेवतात, आणि स्पिरिट कॉलेजात. तेव्हा प्रदीप वडलांकडे गेला. अप्पा म्हणजे काजूची बागायत सांभाळणारा, कमरेला पंचा आणि वर उघडा असा माणूस. लग्नालाही सदरा खांद्यावर टाकून जायचे. त्यांची फेणी घरची. प्रदीपनं अर्धा चमचा मागितली.

"अर्ध्या चमच्यात कोण बुडता रे?" अप्पांनी विचारलं.

प्रदीपनं बाटली दाखवली. अप्पांनी ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "सुखाचा मरण."

पण खरी पंचाईत पुढेच होती. भिंगाखाली घालून प्रदीपनं सांगितलं की असा कोळी आजवर कोणी नोंदलेला नाही, पण ही मादी आहे. नर पाहिजे. दूरच्या कुणा मोठ्या साहेबांना त्यानं फोन लावला, तेव्हा एसटीडी बूथवर माझाही नंबर लागला होता, म्हणून ऐकलं. साहेबांचं म्हणणं, ह्या जातकुळीत नुसत्या मादीवरून नवी जात म्हणायला आपण पाठिंबा देणार नाही, नर आणा. आणि नर दिसतो तो पावसाळ्यातच, चार दिवस. अप्पा पोराला रोज ऐकवत होते, की इतकी वर्षं शिकून भिंती चाटत फिरतो. त्या पावसात नर मिळाला नसता तर प्रदीपची गावभरचे कोळी धुंडाळण्यातली तीन वर्षांची मेहनत आणि घरातली पत, दोन्ही गेलं असतं.

वाडा कामाला लागला. काडेपेट्या, जामच्या बाटल्या, डालड्याचे डबे, ज्यात मिळेल त्यात लोक नर आणून द्यायचे. एकीनं पाल आणली. रुक्मिणीनं आणलेला मात्र खरोखर कोळी होता, हाताएवढा. हा नर कशावरून, प्रदीपनं विचारलं.

"सकाळपासून एका जागी बसून आहे, कामाला हात लावत नाही," रुक्मिणी म्हणाली.

अशात गणपतीची चवथ आली. चवथीआधी घर आतून-बाहेरून झाडायचं, भिंती रंगवायच्या, हे काय सांगायला नको. आमच्या ह्यांनी चुना भिजत घातला आणि प्रदीप हात जोडून दारात. न्हाणीमागची भिंत तेवढी सोडा म्हणाला. हे म्हणाले, "पावणे मागच्या दारी हात धुवायला जातात रे!" पण शेवटी सोडली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा माझी एक भिंत शेवाळाची राहिली. माझी नणंद ती बघून म्हणाली, "चुना कमी पडला तर मागायचा होतास गो." आणि त्या भिंतीवर नर काही आला नाही.

तो आला माटोळीवर!

अप्पा माटोळीसाठी दरवर्षी स्वतः डोंगरात जायचे. कवंडळं, आंबाडे, सुपारीचं शिपटं, अशी फळं सगळी आणून गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला बांधायचे. चवथीच्या सकाळी आरती चालू असताना प्रदीपची झांज थांबली. वर एका आंबाड्यावर पांढऱ्या रेघेचा कणीएवढा ठिपका चालत होता, तोंडापुढचे दोन हात मुठी वळल्यासारखे फुगलेले. नराची हीच खूण, असं त्यानं आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. त्यानं स्टूल ओढलं.

"खाली उतर," अप्पा म्हणाले. "इसर्जन होईसर माटोळीचा काय एक काढूचा नाय."

"अप्पा, तो जाईल."

"गणपतीकडे इलो आसा. जायत तर जायत."

मग प्रदीप गणपतीपुढे बसला तो उठेचना. जेवणही तिथंच. नजर वर लावलेली. दर्शनाला आलेले लोक बघून जायचे. भटजी अप्पांना म्हणाले, "एवढी भक्ती आजकालच्या शिकलेल्या मुलांत दिसत नाही." अप्पांनी दक्षिणा वाढवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीड दिवसाचा गणपती उठला. अप्पांनी मूर्ती उचलली, चौकटीला धक्का लागला आणि कोळ्यानं उडी मारली ती थेट गणपतीच्या कानावर! प्रदीप बाटली हातात घेऊन मूर्तीच्या बाजूबाजूनं चालायला लागला. आम्ही सगळे मागून. "मोरया" म्हणायला कोणाचा आवाज निघेना, न जाणो, घाबरून उडाला तर!

व्हाळाच्या काठावर अप्पा गुडघाभर पाण्यात उतरले. आता मूर्ती खाली न्यायची. प्रदीप बापाकडे बघत होता. अप्पा गणपतीकडे बघत होते. मूर्ती तशीच हातांवर तोलून धरलेली, वय झालेलं. तरी उभेच राहिले. आणि कोळी सोंडेवरून उतरला, थोडा थांबला आणि टुणकन अप्पांच्या उघड्या खांद्यावर आला.

"घे," अप्पा म्हणाले.

प्रदीपनं डाव्या हातातली बाटली पुढे केली.

"डाव्या हातान नको रे," अप्पा हळूच म्हणाले. "प्रसाद तो."

पुढच्या वर्षी छापून आलं. प्रदीपनं पानं आणून अप्पांच्या सोप्यावर वाचून दाखवली. वाडा सगळा जमलेला. त्या दिवसांत कोकणी की मराठी यावर भांडल्याशिवाय कुठला चहा व्हायचा नाही, म्हणून कोणीतरी आधी तेच विचारलं, की नाव कुठल्या भाषेत. प्रदीप म्हणाला, लॅटिन. आता कोणीच बोलत नाही ती.

"बरां झाला," अप्पा म्हणाले. "भांडूक कोण नाय."

नाव निघालं आमच्या गावाचं, मागे लॅटिन शेपूट. बायकांची तोंडं उतरली. रुक्मिणी म्हणाली, "मी बाईचं नाव आहे म्हटलं होतं, कोळ्याला दिलंय असं कुठं म्हटलं?" तेव्हा प्रदीपनं पान उलटलं. कोळी कुठं मिळाला तेही लिहावं लागतं, जगभरचे लोक तेच वाचतात, असं म्हणाला आणि बोट ठेवून वाचलं: मादी, श्रीमती इंदू यांच्या न्हाणीघराची मागची भिंत, बिनरंगवलेली.

"बिनरंगवलेली कशाला लिहिलंस?" मी म्हटलं.

अप्पा खुर्चीत पुढे झाले. "आनी नर?"

"नर, विसर्जनाच्या वेळी, वडिलांचा उघडा खांदा."

अप्पा उठून आत गेले आणि सदरा घालून आले.